कोईमतूरला करिवर्धन झाला. कोल्हापूरला का नाही?

क्रँकशाफ्ट:
मागच्या आठवड्यात पंपाच्या केसिंगचा पॅटर्न (ओतकामाचा नमुना) घेऊन कोईमतूरला गेलो होतो. आपल्या फौंड्रीवाल्यांना हे गाव परकं नाही. तिथंही ओतकाम, तिथंही पंप आणि मोटरी, गल्लीबोळात लेथ, दारात भंगाराचे ढीग. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माणसाला डोळे बांधून इथल्या पीळमेडूच्या गल्लीत सोडला, तर नुसत्या वासावरनं म्हणेल, घरीच आलोय की.

काम दुपारी दोनलाच आटपलं. ज्यांच्याकडं गेलो होतो ते म्हणाले, गाडी रात्रीची आहे ना, चला, ट्रॅक दाखवतो. चेट्टीपाळयमला नेलं. गेटवर पाटी: करी मोटर स्पीडवे. मला आपली जेवणातली करी आठवली आणि मी तसं बोलूनही बसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "करी आमचा माणूस होता."

सुंदरम करिवर्धन. लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातला. स्वतः शर्यतीत उतरायचा आणि स्वतःच गाड्या बनवायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यानं मारुती ८०० चं इंजिन घेऊन एका माणसापुरती, उघड्या चाकांची रेसची गाडी उभी केली. तीच फॉर्म्युला मारुती. तोवर असली गाडी पाहिजे तर बहुतेक परदेशातनं जुनी आणायची, आणि एक पार्ट तुटला की सहा महिने तिच्यावर चादर टाकून ठेवायची. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोलाइट विमानाच्या अपघातात गेला. वय ४१. चेट्टीपाळयमचा ट्रॅक २००३ ला सुरू झाला, त्याला त्याचं नाव दिलं.

तीस वर्षं झाली जाऊन, आणि ते गृहस्थ असे बोलत होते की जसा काल शेजारच्या शेडमध्ये होता. परतीच्या गाडीत रात्रभर एकच विचार. लेथ आपल्याकडं, ओतकाम आपल्याकडं, गाड्यांचा नाद तर विचारूच नका. मग आपल्याकडं करिवर्धन का झाला नाही?

गंगावेशकर:
सोपं आहे भावा. पैसा. मिलवाल्याचा पोरगा होता. आपल्याकडचे मिलवाले लोक गाडी घेतात, बनवत नाहीत.

पांढरा_रस्सा:
आपल्याकडं ट्रॅक झाला असता तर नाव तांबडा रस्सा स्पीडवे ठेवायला लागलं असतं. आणि पिटस्टॉपला टायर बदलायच्या आधी लिंबू पिळलं असतं.
(हलकं घ्या.)

टूस्ट्रोक_तात्या:
करिवर्धनचं नाव या धाग्यावर बघून बरं वाटलं. शोलावरम बघितलेली माणसं आता कमी राहिली, म्हणून थोडं लांबण लावतो.

आम्ही तिघं गेलतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य असावा. मिरजेहून मीटरगेजनं बंगळूर, तिथून मद्रास, मद्रासच्या उत्तरेला शोलावरम. घरी सांगितलं तिरुपतीला जातोय. (पुढं खरोखर गेलो. पाप नको.) शोलावरम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी. तिच्यावरच शर्यती. स्टँड, बाल्कनी असलं काही नाही, पण माणूस म्हणाल तर पंढरीच्या वाळवंटासारखा. ॲम्बॅसिडर, फियाट, हेराल्ड, सगळ्या आतून पोखरून हलक्या केलेल्या. त्यात मध्येच परदेशी गाडी सुटायची आणि कानात बोटं घालायच्या आत नजरेआड. विजय मल्ल्या त्या काळात तिथं एन्साइन नावाची जुनी फॉर्म्युला वनची गाडी घेऊन उतरायचा. हो, तोच.

करिवर्धनला मी लांबूनच बघितलं. डोक्यावर हेल्मेट. त्यामुळं 'मी त्याच्याशी बोललो' अशी थाप मारत नाही. पण लोक त्याच्या गाडीकडं वेगळ्या नजरेनं बघायचे एवढं आठवतंय. बाकीच्यांच्या गाडीजवळ लोक फोटो काढायचे. याच्या गाडीखाली वाकून बघायचे.

क्रँकशाफ्ट:
तात्या, शेवटची दोन वाक्यं वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा.

टूस्ट्रोक_तात्या:
अजून काही नाही रे. परत येताना पैसे संपले आणि हुबळीपासून मिरजेपर्यंत शेंगदाण्यावर काढले.

सदाशिव_सायलेंट:
धागा चांगला आहे, पण थोडा थंड पाण्याचा शिडकावा करतो. 'स्वतः बनवणार, स्वतः चालवणार' या माणसाबद्दल आपल्याला फार ओढ असते. तो काळ गेला. स्वतःच्या नावाची गाडी पळवणाऱ्या ब्रूस मॅक्लारेनपाशीच संपला म्हणा. आज एका फॉर्म्युला वन गाडीमागे शेकडो अभियंते असतात, चालक स्टिअरिंग सोडून कशाला हात लावत नाही. शिवाय करिवर्धनकडे गिरणीचं भांडवल होतं. गंगावेशकर बरोबर बोलले. हुशार मिस्त्री आणि श्रीमंत शौकीन यांतला फरक विसरून त्याचा पुतळा करू नये.

गंगावेशकर:
पुणेकरानं माझ्याशी सहमती दाखवली. आता मलाच माझं मत तपासायला लागतंय.

रंकाळाकाठ:
करी स्पीडवेवर मी स्वतः गाडी घेऊन गेलोय. (होय, बाई आहे. होय, कोल्हापूरची आहे. 'गेलो'च म्हणणार.)

कॉलेजात असताना आमची फॉर्म्युला स्टुडंटची टीम होती. पोरांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा, फॉर्म्युला भारत, जानेवारीत तिथंच भरते. आम्ही वर्षभर चासिस वेल्ड करत बसलो. नळ्या वाकवून देणारा उद्यमनगरातला एक काका होता. त्यानं ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाला, "ही गाडी हाय का खुराडं?" तरीपण एक मिलिमीटरचा फरक न करता वाकवून दिल्या. पैसे निम्मेच घेतले.

टेम्पोत गाडी घालून कोईमतूरला गेलो. तिथं आधी तपासणी. गाडी साठ अंशांत तिरकी करून बघतात, उलटत नाही ना, तेल गळत नाही ना. ती पास. आवाजाची टेस्ट, पास. मग ब्रेक. गाडी पळवायची आणि दाबला ब्रेक की चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. आमची तीन व्हायची. मागचं डावं काही ऐकेना. दोन दिवस त्या चाकापाशी मांडी घालून बसलो. ब्रेकमधली हवा काढा, पॅड बदला, पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटणारा बायस बार फिरवा, पुन्हा रांगेत उभं राहा. शेवटच्या संध्याकाळी चार काळ्या रेघा उमटल्या आणि आमच्यातला एक मुलगा त्या रेघांवर आडवा पडून रडला.

शर्यतीच्या भागाला वेळच उरला नव्हता. पण ज्याच्या नावाचा ट्रॅक आहे तो माणूस कोण, हे आम्हाला त्या वेळी माहीत नव्हतं. आज हा धागा वाचून कळलं, आणि जरा लाज वाटली.

सदाशिव भाऊ, चालक हात लावत नाही म्हणता. आमच्या गाडीत बसणारी मीच होतो आणि ब्रेक फ्लुइडनं माझेच हात सोलले होते. खालच्या पायरीवर अजून तसंच चालतं.

मिसळ_आणि_मशीन:
"ही गाडी हाय का खुराडं" 😂 हे टी-शर्टवर छापा.

उद्यमनगरी:
क्रँकशाफ्ट, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: आपल्याकडं पण होता. फक्त ट्रॅकला नाव मिळालं नाही, कारण ट्रॅकच नव्हता.

आमचे मिस्त्री मागच्या दिवाळीच्या आधी गेले. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. उद्यमनगरात ज्यांनी टू-स्ट्रोक गाड्या पळवल्यात ते ओळखतील. मी अकरावीला नापास झाल्यावर वडिलांनी त्यांच्याकडं नेऊन घातलं, "याला काहीतरी शिकवा" म्हणून. पहिले चार महिने फक्त नट धुतले. रॉकेलच्या डब्यात. पाचव्या महिन्यात पाना हातात दिला आणि म्हणाले, "आता ऐक." म्हणजे सैल नट घट्ट होताना हाताला काय सांगतो, ते ऐक.

यामाहाच्या आरएक्स १०० मोटरसायकलवर त्यांचा जीव. लोक आरएक्स घेऊन यायचे, "मिस्त्री, पळव." ते आधी स्पार्क प्लग काढायचे. प्लगचा रंग बघायचे, बशीत ठेवायचे, चहा प्यायचे. प्लग पांढरा असला तर पेट्रोल कमी पडतंय, काळा असला तर जास्त होतंय, चॉकलेटी असला तर गाडीला हात लावायचा नाही, गिऱ्हाइकाच्या मनगटाला शिकवायचं. पोर्ट (सिलिंडरची भोकं) घासायची छोटी कानस त्यांनी स्वतः बनवली होती, जुन्या हॅकसॉच्या पात्यापासून. एक्झॉस्ट पोर्ट वर किती न्यायचा ते कागदावर छाप घेऊन ठरवायचे. हेड सपाट करायला काचेवर पॉलिश पेपर लावून, आठ आठच्या आकड्यात, तासभर. लेथवर दोन मिनिटांत झालं असतं. विचारलं तर म्हणायचे, लेथ काढतो, पण किती काढायचं ते त्याला कळत नाही.

आणि स्वतः चालवायचे. डर्ट ट्रॅकला, चिखलात, पन्नाशी गाठेपर्यंत. घरून निघताना "टेस्टिंगला जातो" एवढंच सांगायचे. गाडी दुसऱ्याची, तक्रार दुसऱ्याची, पण आधी आपल्या बुडाला कळली पाहिजे, मग पाना. हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकानं कितीही सांगितलं 'चौथ्या गिअरात ओढत नाही', तरी स्वतः शिये फाट्यापर्यंत जाऊन आल्याशिवाय हात लावायचे नाहीत.

त्यांच्याकडं पन्हाळ्याचा जेट वेगळा होता. कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल मापात सोडणारं बारीक भोक. पन्हाळ्याला जाणाऱ्या गाडीला ते बारीक जेट घालून द्यायचे, परत आला की काढून घ्यायचे.

आकडेमोड:
पन्हाळ्याचा जेट हे जरा जास्त होतंय. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास. चारशे मीटरनं काय फरक पडतो?

उद्यमनगरी:
पडत नसेल. पण त्यांच्या जेटनं गाडी वाघबिळाच्या वर गुदमरायची नाही, आणि माझ्या जेटनं गुदमरायची.

आकडेमोड:
गणित करून बघितलं. चारशे मीटरला हवेची घनता सुमारे चार टक्के घटते. त्या हिशेबानं जेट अर्धा ते एक नंबर खाली यायला पाहिजे. म्हणजे मिस्त्री बरोबर. मागे घेतो.

पांढरा_रस्सा:
'आकडेमोड'नं मागे घेतलं! स्क्रीनशॉट काढा रे कोणीतरी.

टूस्ट्रोक_तात्या:
उद्यमनगरी, तू ज्यांच्याबद्दल लिहितोयस त्यांना मी ओळखतो. म्हणजे ओळखत होतो. माझी गाडी कायम त्यांच्याकडंच असायची. मी त्यांचं आवडतं गिऱ्हाईक. गेलेले कळलं नाही रे. गावात असून कळलं नाही.

गंगावेशकर:
अवांतर: गाड्यांचा विषय निघालाय तर दसऱ्याची मेबॅक गाडी कोणी जवळून बघितली आहे का? राजाराम महाराजांची. दसरा चौकात ती येते तेव्हा माझा पोरगा सोनं लुटायचं सोडून गाडीकडं पळतो.

मिसळ_आणि_मशीन:
बघितली आहे. इतकी जुनी गाडी दरवर्षी वेळेवर चालू होऊन मिरवणुकीत चालते, पहिल्या गिअरमध्ये, गर्दीत, इंजिन न तापता. रेसच्या गाडीपेक्षा अवघड काम आहे ते. तिला सांभाळणाऱ्या हातांबद्दल एक वेगळा धागा हवा.

सदाशिव_सायलेंट:
मेबॅक, मिसळ, मिस्त्री. मूळ प्रश्न कुठे गेला?

क्रँकशाफ्ट:
असू दे, मलाच मजा येतेय. पण सदाशिवजी, मॅक्लारेनचं नाव तुम्ही काढलंत, म्हणून विचारतो. तो श्रीमंत शौकीन होता की हुशार मिस्त्री?

सदाशिव_सायलेंट:
चांगला प्रश्न. दोन्ही नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, वडिलांचं गॅरेज आणि पेट्रोल पंप. लहानपणी खुब्याचा पर्थेसचा आजार झाला, सुमारे दोन वर्षं पायाला वजनं बांधून पडून होता. एक पाय कायमचा आखूड राहिला. वडिलांनी आणलेली ऑस्टिन सेव्हन खोलून जोडून त्याच गाडीत शर्यती सुरू केल्या. अभियांत्रिकीला गेला, ते अर्धवट सोडून युरोपात. १९५९ साली बावीस वर्षांचा असताना अमेरिकन ग्रांप्री जिंकला. सर्वांत तरुण विजेत्याचा तो विक्रम २००३ मध्ये अलोन्सोनं मोडला. १९६३ ला स्वतःची टीम. १९६६ ला ख्रिस ॲमनबरोबर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकला. १९६८ ला बेल्जियममध्ये स्वतःचं नाव असलेल्या गाडीत जिंकला. कॅनडा-अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेत १९६९ साली अकराच्या अकरा शर्यती त्याच्या टीमनं जिंकल्या.

२ जून १९७० ला इंग्लंडमध्ये गुडवुडला नवी कॅन-ॲम गाडी तपासत होता. सरळ पट्ट्यावर मागचं इंजिनवरचं झाकण उडालं, गाडी फिरली आणि मार्शलच्या चौथऱ्यावर आदळली. बत्तीस वर्षांचा होता. शर्यत नव्हती, प्रेक्षक नव्हते. चाचणी होती.

उद्यमनगरी:
म्हणजे टेस्टिंगला गेला होता.

सदाशिव_सायलेंट:
हो. टेस्टिंगलाच.

आणि मघाशी लिहायचं राहिलं: चौदा जूनला, म्हणजे बाराच दिवसांनी, कॅनडात मॉस्पोर्टला पुढची शर्यत होती. टीम गेली. त्याच्या जागी डॅन गर्नीला बसवलं. दुसरी गाडी डेनी हुल्मची, त्याचे हात आदल्या महिन्यात इंडियानापोलिसला भाजलेले. तशा हातांनी उतरला. गर्नी जिंकला. हा गर्नीसुद्धा त्याच जातीचा; १९६७ मध्ये स्वतःच्या ईगल गाडीत बेल्जियम जिंकलेला.

मी 'तो काळ संपला' असं लिहिलं होतं. आता तितक्या जोरात लिहिणार नाही.

रंकाळाकाठ:
सदाशिव भाऊंचं पुणं हळूहळू उतरायलंय.

कोवैतला_मराठी:
नमस्कार. अकरा वर्षं कोईमतूरला नोकरी. वाचत होतो, आता राहवत नाही.

भांडवलाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. पैसेवाले मद्रास, बंगळूर, मुंबई, कलकत्त्यातही होते, शोलावरमला परदेशी गाड्या त्यांनीच आणल्या. करिवर्धनचं वेगळेपण असं, की त्यानं स्वतःपुरती भारी गाडी आणून समाधान मानलं नाही, बाकीच्यांना परवडेल अशी गाडी केली. मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन. गावोगावी मिळणारं, गावोगावी दुरुस्त होणारं. सगळ्यांना तेच इंजिन, मग जिंकणार कोण? ज्याला वळण कळतं तो. नरेन कार्तिकेयनच्या सुरुवातीच्या शर्यती त्याच फॉर्म्युला मारुतीतल्या. २००५ मध्ये तो जॉर्डन टीमकडून फॉर्म्युला वनला उतरला, पहिला भारतीय.

आणि या गावाची एक सवयही आहे. इथं जी. डी. नायडू होऊन गेले. शाळा अर्धवट, पण मोटारी, बस, यंत्रं, सगळं उघडून बघायचं. त्यांचं संग्रहालय आहे, मोटारींचंही आहे. 'उघडून बघणं' हा इथं वाया गेलेल्या पोराचा धंदा समजत नाहीत.

गंगावेशकर:
अकरावी नापासाला गॅरेजात घालतात ते आपल्याकडं. तिथं पास झालेल्याला घालतात असं म्हणा की.

उद्यमनगरी:
🙂 लागलं, पण बरोबर आहे.

मिसळ_आणि_मशीन:
जी. डी. नायडूंच्या तोडीला आपल्याकडं म्हादबा मिस्त्री होते, वाय. पी. पोवार होते. शाहू महाराजांच्या गावात यंत्राचा हात काही कमी नव्हता. ऑइल इंजिन कोल्हापूरचं म्हटलं की शेतकरी डोळे मिटून घ्यायचा. आपण शेताला पाणी देणारं इंजिन केलं. त्यांनीही पंपच केले. फरक कुठं पडला?

आकडेमोड:
शोलावरम जवळ नव्हतं, हा फरक. मद्रासजवळ धावपट्टी होती, क्लब होता, पुढं श्रीपेरुंबुदुरजवळ कायमचा ट्रॅक झाला. कोईमतूरहून रात्री ट्रकवर गाडी चढवली की सकाळी शर्यतीला. कोल्हापूरहून कुठं नेणार?

गंगावेशकर:
धावपट्टी आपल्याकडंही होती की. उजळाईवाडी. राजाराम महाराजांनी १९३९ लाच विमान उतरवलं तिथं. पुढं मधली कितीतरी वर्षं विमान कमी आणि म्हशी जास्त होत्या तिथं.

टूस्ट्रोक_तात्या:
तिथल्या रस्त्यावर आम्ही काय काय केलंय ते आता नातवंडं वाचतील म्हणून लिहीत नाही.

पांढरा_रस्सा:
तात्या, खासगी निरोप करा.

हुपरीरोड:
आता ट्रॅक नाही असं कोणी म्हणू नका. आमच्याच रस्त्याला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. देशपातळीवरच्या कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात तिथं. कृष्णराज महाडिक इथनंच जाऊन ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्री चालवून आला. त्यामुळं 'कोल्हापूरला काही झालं नाही' हे जुनं रडगाणं झालं.

क्रँकशाफ्ट:
मान्य, आणि हे मूळ पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं. पण हुपरीरोड, चालवणारे तयार झाले, होतायत. माझा प्रश्न बनवणाऱ्याचा होता. कार्टची चासिस आजही बहुतेक बाहेरून येते, इंजिनही. आणि शिरोली, गोकुळ शिरगावात आपण मोठमोठ्या कंपन्यांची हेडं आणि ब्लॉक ओततो. गाडी आपल्यातनंच जाते, पण आपली म्हणून जात नाही.

हुपरीरोड:
हं. याला उत्तर नाही माझ्याकडं.

जोडधंदा:
कारण ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं. मी स्वतः छोटी मशीन शॉप चालवतो. एका बड्या गिऱ्हाइकाला (नाव नको) आम्ही सुचवलं होतं की या ब्रॅकेटची रीब थोडी सरकवली तर वजन कमी होईल आणि तडा जाणार नाही. उत्तर आलं: प्लीज फॉलो द ड्रॉइंग. तडा गेलेले नग सहा महिने परत येत राहिले, डेबिट नोट आमच्या नावावर. त्या दिवसापासून डोकं कपाटात आणि हात मशीनवर. तुम्ही करिवर्धन शोधताय. निम्मे जण शिफ्टला आहेत.

रंकाळाकाठ:
हा या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे.

कोवैतला_मराठी:
+१. पण इथंही चित्र फार वेगळं नाही हो. इथले जॉबवर्कवालेही हेच बोलतात.

सदाशिव_सायलेंट:
मग करिवर्धनच्या पैशाचा खरा उपयोग हाच म्हणायचा. गाडी विकत घ्यायला पैसा लागला असेल, पण त्याहून जास्त, दुसऱ्याचं ड्रॉइंग न पाळायला लागला. मिस्त्रींकडे ती सोय नव्हती, म्हणून त्यांनी ते पोर्टात आणि जेटात केलं, जिथं कोणी ड्रॉइंग देत नाही. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'श्रीमंत शौकीन विरुद्ध हुशार मिस्त्री' हे वाक्य काढून टाकायची सोय असती तर काढलं असतं.

गंगावेशकर:
राहू दे. पुढच्यांना कळू दे माणूस कुठनं कुठं येतो.

मिसळ_आणि_मशीन:
उद्यमनगरी, मिस्त्रींची हत्यारं कुठं आहेत? ती कानस वगैरे. भंगारात गेली तर हात जोडून सांगतो, मला कळवा.

उद्यमनगरी:
हत्यारं माझ्याकडं आहेत. काकूंनी बोलावून दिली. कानस, जेटचा डबा (गोळ्यांची जुनी डबी, आत कापूस), आणि एक वही. जाड पुठ्ठ्याची. त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. प्रत्येक गाडीची नोंद आहे: तारीख, जेट, प्लगचा रंग, हवा. पानं तेलानं पारदर्शक झालीत, पुढचं अक्षर मागनं दिसतं.

क्रँकशाफ्ट:
एखादं पान टाका ना इथं. नावं झाकून.

उद्यमनगरी:
फोटोत काही दिसत नाही, टाइप करून देतो. स्पेलिंग त्यांचं.

"पाऊस. हवा जड. प्लग पांडरा. जेट एक वाडव."
"तोच. प्लग चाकलेटी. हात नको लावू."
"पनाळा जेट दिला. परत घेने."
"स्वता चालवली. शिये. चौत्यात ओडते. गिराइक खोटा बोलतो."

टूस्ट्रोक_तात्या:
शेवटची नोंद वाचून हसावं का रडावं कळेना. अगदी असंच बोलायचे.
उद्यमनगरी, एक काम कर. १९९१ चा मे-जून बघ. काळी आरएक्स. माझी नोंद असणार. आवडतं गिऱ्हाईक होतो, काहीतरी चांगलं लिहिलं असेल.

उद्यमनगरी:
सापडली. जून १९९१, काळी आरएक्स. सांगू का इथं?

टूस्ट्रोक_तात्या:
सांग की. काय लपवायचंय.

उद्यमनगरी:
"तात्या. पनाळा जेट परत दिला नाही. चाळीस रु. बाकी."

पांढरा_रस्सा:
😂😂😂

गंगावेशकर:
तात्या, आवडतं गिऱ्हाईक!

टूस्ट्रोक_तात्या:
गाडी कधीच विकली. पण कार्बोरेटर बदलला होता तेव्हा जुना माळ्यावर टाकलेला आठवतोय. उद्या नातवाला वर चढवतो. जेट त्यातच असणार.
काकू घरी किती वाजता असतात?